दोन माणसांची शेगडी

कारंज्याच्या रूपराव बारंगे यांच्या गाडीत सगळं होतं, फक्त विस्तव नव्हता. शाळेनं मोडीत काढलेली बारा सीटची गाडी घेऊन त्यांनी ती आतून घरासारखी करून घेतली होती. दोन बाजूंना दोन बाकं, त्यांवर गाद्या, एक छोटं बेसिन, खिडक्यांना छायाबाईंनी शिवलेले पडदे आणि दाराशी चक्क पायपुसणं. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं कालव्याच्या पाण्याच्या नोंदी ठेवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हिंडायला जावंसं वाटलं, यात नवल काही नाही. पाणी रोज दुसऱ्यांच्या गावाला जाताना पाहिलं की आपणही कुठं तरी जावं असं वाटणारच.

आधी चिखलदरा, मग पचमढी, मग रस्ता नेईल तिकडे, असा बेत होता. छायाबाई यायला तयार होत्या. त्यांची फक्त एक अट होती.

"येईन न," त्या म्हणाल्या, "पण गाडीत मी सैपाक करणार नाई. तिथं बी पोळ्याच लाटायच्या तं माझ्या घरचा ओटा काय वाईट हाये? आन जिथं झोपाचं तिथं सिलिंडर नाई ठेवू देणार. संक्रांतीपर्यंत तुमची काही सोय झाली तं ठीक. नाई झाली तं तुमी जा एकटे, मी दोन महिने आर्वीले बहिणीकडं राहीन."

हे त्या चिडून बोलल्या असत्या तर रूपराव घाबरले नसते. चिडलेल्या छायाबाईंना कसं सांभाळायचं हे एकतीस वर्षांत त्यांना जमलं होतं. पण त्या तुरीच्या शेंगा सोलत, अगदी शांतपणे बोलल्या. रूपरावांनी गाडीत एकट्यानं झोपल्याचं चित्र मनात आणून पाहिलं. समोरच्या बाकावर बायकोच्या जागी जास्तीचं टायर ठेवलेलं त्यांना दिसलं. बरं, रोज हॉटेलात जेवावं म्हटलं तर पोट तिसऱ्या दिवशी संप पुकारायचं. म्हणजे स्वयंपाक करायचा, आणि तो आपणच करायचा. कोळशाची, घडी होणारी, बाकाखाली जाणारी, दोन माणसांची शेगडी आणायची, असं त्यांनी ठरवलं. त्याच संध्याकाळी एक नवी फाईल उघडून तिच्यावर 'शेगडी : निवड व खरेदी' असं लिहिलंसुद्धा. फाईल उघडली की अर्धं काम झालं, असं त्यांचं नोकरीपासूनचं मत होतं.

पहिली शेगडी पार्सलनं आली. मोबाईलवर एका गोऱ्या जोडप्यानं ती तळ्याकाठी दोन मिनिटांत उघडलेली रूपरावांनी पाहिली होती. अंगणात उघडायला त्यांना पस्तीस मिनिटं लागली, तीही समोरच्या घरचे कवडूजी पाहायला आल्यामुळे. कवडूजी हे गावातल्या कुठल्याही कामाला हजर असणारे गृहस्थ. बोअर मारताना, स्लॅब टाकताना, मुलगी पाहताना, ते असायचेच. स्वतः काही करत नसत, पण त्यांच्या देखरेखीशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटत नसे.

"हे काय हाये?" कवडूजींनी विचारलं.

"शेगडी."

"कोनाची?"

"आमची. दोघांची. याच्यावर वांगं भाजाचं, रोडगे भाजाचे."

कवडूजींनी शेगडीवर पंजा ठेवून माप घेतलं. "किती बसतीन रोडगे?"

"चार."

"चार!" कवडूजी खालीच बसले. "चार रोडगे कोनी करते का बाप्पा? आजवर आयकलं नाई."

आता इथं रूपरावांची बाजू जरा कमजोर होती हे मान्य करायला पाहिजे. आमच्याकडे रोडगे म्हणजे शेतात गोवऱ्यांचा जाळ, त्यात भाजलेले कणकेचे गोळे, मोठ्या गंजात म्हणजे पातेल्यात वांग्याची भाजी, वरणात तुपाची धार आणि किमान तीस माणसं. रोडग्यांची कणीक पायलीनं मळतात. दोन माणसांनी मिळून रोडगे केल्याचं उदाहरण तालुक्यात सापडलं नसतं. तरीही रूपरावांनी नेटानं कोळसे पेटवले आणि चार गोळे जाळीवर ठेवले. जाळीच्या सळ्या परदेशी पदार्थांच्या बेतानं बसवलेल्या असाव्यात. दोन रोडगे त्यांतून खाली निखाऱ्यात गेले, तिसरा काढताना शेगडीचा एक पाय दुमडला आणि चौथा कवडूजींच्या चपलेपाशी जाऊन थांबला. कवडूजींनी तो उचलला, फुंकला, फोडला आणि आतून कच्चा असल्याचं जाहीर केलं. छायाबाई पायरीवर बसून हे पाहत होत्या. त्या हसल्या नाहीत, ही त्यांची मोठीच मेहेरबानी. रूपरावांनी फाईलमध्ये 'परत पाठविणे' असं लिहिलं.

मग प्रेमदास वेल्डरकडे जायचं ठरलं. हायवेला लागून त्याचं दुकान. वखराची पाती, ट्रॉलीचे हूक, ढाब्यांच्या भट्ट्या, असली कामं तो करायचा आणि त्याच्या हातची वस्तू मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. रूपरावांनी त्याच्यापुढे आलेखाच्या कागदावर काढलेलं चित्र ठेवलं. लांबी अठरा इंच, रुंदी बारा, घडीचे पाय, वजन तीन किलो.

"तीन किलो?" प्रेमदासनं काळा चष्मा कपाळावर चढवला. "भाऊ, तीन किलोचं तं मी कडी-कोंडा बनवतो. हवा आली तं उडून जाईन न हे."

"घडी व्हाले पाह्यजे, प्रेमदास. बाकाखाली ठेवाची हाये. दोघांचीच शेगडी हाये."

"दोघांची हाये, समजलं मले," प्रेमदास म्हणाला. "आन कोनी आलं तं?"

आपण नेमके हेच टाळायला निघालो आहोत असं रूपरावांना म्हणता आलं असतं, पण कारंज्यात भर रस्त्यावर असं बोलणं बरं दिसत नाही. तेवढ्यात प्रेमदासनं अठराचे चोवीस केले.

त्यानंतर शेगडी रूपरावांच्या हातात राहिली नाही. कवडूजी रोज दुकानावर जाऊन बसू लागले. कोळशावर रोडग्याला चव येत नाही, गोवऱ्याच पाहिजेत, आणि गोवऱ्या घालायच्या तर खोली हवी, असं त्यांनी प्रेमदासला पटवलं. शेजारच्या यशोदाबाई घरी येऊन म्हणाल्या, "रूपरावभाऊ, रोडगे भाजसान, पन वरन कुठं ठेवसान? बाजूनं एक गंज बसन एवढी जागा काढा." हे म्हणणंही चुकीचं नव्हतं. यातलं एकही म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर अडचण होती. ट्रक थांबवून चहा प्यायला आलेल्या एका सरदारजींनी झाकण सुचवलं. घडीचे पाय डगमगतात म्हणून प्रेमदासनं ते चांगले फाकवून कायमचे जोडून टाकले. रूपराव दर दोन दिवसांनी जात, "दोघांचीच हाये बरं," असं सांगत आणि दर वेळी कुणी तरी अगदी आपुलकीनं विचारी, "आन कोनी आलं तं?"

संक्रांतीच्या आठ दिवस आधी शेगडी घरी आली. ती आणायला ट्रॅक्टर लागला. लांबी साडेतीन फूट, रुंदी सव्वादोन, वजन शेहेचाळीस किलो, एका वेळी पंचवीस रोडगे आणि वरणाचा गंज वेगळा. काम खरोखर देखणं होतं. प्रेमदासनं झाकणावर वेल्डिंगच्या थेंबांनी 'बारंगे' असं नावही काढलं होतं. ती बाकाखाली जाणार नाही हे उघडच होतं. पण ती गाडीच्या दारातूनही आत जात नव्हती. उभी करून पाहिली, आडवी करून पाहिली, पाय आधी घालून पाहिले. दार काढून पाहिलं. मागचं दार काढलं तेव्हा ती निम्मी आत गेली आणि तिथंच अडकली. तिला बाहेर काढायला दीड तास गेला. त्या दीड तासात गल्लीतला प्रत्येक माणूस एकदा तरी येऊन "जराशी तिरपी करा," असं सांगून गेला. यशोदाबाईंनी शेवटी विचारलं, "भाऊ, आदी शेगडी ठेवून मंग तिच्यावरून गाडी बांधली असती तं?" रूपरावांचा सदरा काखेत फाटला होता.

यावर तोडगा प्रेमदासनंच काढला. जुन्या स्कूटरची दोन चाकं लावली, पुढं हूक केला आणि शेगडी गाडीच्या मागं जोडून दिली. गल्लीतून एक फेरी मारली तेव्हा मुलं टाळ्या वाजवत मागं धावली आणि रूपरावांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. पण ते पडले सरकारी माणूस. रात्रभर त्यांना एकच विचार छळत राहिला, की याला परवाना लागत असेल का. न विचारता निघाले असते तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण कागदाशिवाय वस्तू हलवणं हे त्यांच्या रक्तात नव्हतं. सकाळी ते गाड्यांचे कागद होतात त्या जिल्ह्याच्या कचेरीत गेले.

"वाहन कोणतं?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"वाहन नाही, शेगडी आहे."

"चाकं आहेत?"

"दोन."

"मग वाहनच झालं न ते. इंजिन?"

"नाही."

"मग ट्रेलर. नमुना भरा."

नमुन्यात 'भार वाहण्याची क्षमता' असा रकाना होता. रूपरावांनी विचार करून लिहिलं, 'रोडगे, पंचवीस नग.' बाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "माल काय नेता?"

"कोळसा. गोवऱ्या."

"म्हणजे ज्वलनशील?"

"तोच उद्देश आहे," रूपराव प्रामाणिकपणे म्हणाले. त्यामुळे त्यांना दुसऱ्या खिडकीवर पाठवण्यात आलं, आणि तिथल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "सोमवारी या."

रूपराव भिंतीला टेकून उभे राहिले. 'सोमवारी या' हे वाक्य त्यांनी स्वतः चौतीस वर्षांत किती शेतकऱ्यांना ऐकवलं असेल याचा हिशोब लागत नव्हता. ते वाक्य सौम्य आहे, असंच त्यांना आजवर वाटत आलं होतं. ते खिडकीच्या या बाजूनं कसं लागतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं आणि वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटून कागद पुढं सरकत नाही. ते सोमवारी गेले. त्या दिवशी गृहस्थ मोकळे होते. त्यांनी मोबाईलवर शेगडीचा फोटो नीट पाहिला, झाकणाचं कौतुक केलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काका, कायले एवढा कुटाणा करता? चाकं काढून टाका. चाकं नसली की थे भांडं. भांड्याले कोनी इचारत नाई."

चाकं निघाली. शेगडी गाडीच्या टपावर, लोखंडी कठड्यात बसली. चढवायला चार माणसं लागली आणि उतरवायलाही चारच लागणार होती. तेव्हा कुठं रूपरावांच्या लक्षात आलं की ही शेगडी दोन माणसांची कधीच होऊ शकली नसती. ती खाली घ्यायची तर चौघांना बोलवावं लागणार, बोलावलेल्यांना जेवल्याशिवाय कसं पाठवणार, आणि म्हणून ती मोठी असणं भागच होतं. हे सगळं फाईलमध्ये लिहायला त्यांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी ते निघाले. छायाबाई पुढच्या सीटवर बसल्या. त्यांनी बॅग घेतली होती, पण ती मागं बाकाखाली न ठेवता पायाशी ठेवली, हे रूपरावांनी पाहिलं. सोय झाली आहे असं त्यांनी अजून मान्य केलं नव्हतं. तळेगावच्या फाट्यावर आर्वीची एस.टी. मिळते आणि ती दुपारी दोनच्या सुमाराला येते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तळेगावला साडेअकरा वाजता छायाबाई म्हणाल्या, "अजी, भूक लागली मले."

त्या एवढंच म्हणाल्या. रूपरावांनी फाट्याजवळ, पंक्चरच्या दुकानापलीकडच्या कडुलिंबाखाली गाडी लावली. घडीची खुर्ची काढून छायाबाईंना सावलीत बसवलं. पंक्चरवाला, कापसाच्या ट्रॅक्टरवरचे दोघे आणि एक ट्रकवाला अशा चौघांनी मिळून शेगडी खाली घेतली. खाली घेतल्यावर, अपेक्षेप्रमाणे, कुणीच गेलं नाही. "काय करता भाऊ? रोडगे? मंग थांबतोच." तेवढ्यात मोपेडवर पोतं बांधून कवडूजी आले. रूपराव गोवऱ्या घरीच विसरले होते आणि कवडूजी वीस किलोमीटर त्या घेऊन आले होते. त्यांच्याविषयी महिनाभर मनात साठवलेलं सगळं रूपरावांनी त्या क्षणी माफ केलं.

रूपरावांनी कणीक मळायला घेतली. आधी ती पातळ झाली म्हणून पीठ घातलं. मग घट्ट झाली म्हणून पाणी घातलं. असं करत करत परात भरली आणि गोळे व्हायला लागले तेव्हा ते बावीस झाले. धूर कुठल्याही बाजूला बसलं तरी डोळ्यांतच जात होता. वांगी एकीकडे करपत होती, वरण उतू जात होतं, आणि भोवती आता बारा-तेरा माणसं जमून प्रत्येक जण वेगळा रोडगा उलटायला सांगत होता.

"वैनी," कवडूजींनी शेवटी हाक मारली, "जराशा इकडं येजा न. याहीले काही जमून नाई राह्यलं."

"हो न वैनी, बायमानसाचा हात लागला की होते," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

रूपरावांनी धुरातून वर पाहिलं. छायाबाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि बोटं एकमेकांत अशी घट्ट अडकवली होती की नखं पांढरी पडली होती. रोडगा जळताना बसून राहणं त्या बाईला किती जड जात होतं हे रूपरावांना दिसलं. आपल्या घरी दुसरं कुणी रांधतंय आणि ही बसली आहे, असं त्यांनी आजवर एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. एवढी की डोळ्यांतलं पाणी धुराचं आहे की कशाचं हे त्यांनी पाहिलंच नाही.

"कवडूजी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कचेरीत कधी चढला नव्हता तेवढा चढला, "तिले कोनी हाक मारू नका. आज ते पाहुनी हाये. जसं होईन तसं मी करन, आन जसं होईन तसं तुमी खासान."

पंक्चरवाल्यानं पुठ्ठा घेतला आणि वारा घालू लागला. छायाबाई हळूहळू मागं टेकल्या.

पहिलं ताट रूपरावांनी त्यांनाच नेऊन दिलं. रोडगा एका बाजूनं काळा होता, दुसऱ्या बाजूनं बरा होता. वांग्याच्या भरतात कोथिंबीर घालायची राहिली होती. छायाबाईंनी रोडगा फोडला, वरणात कुस्करला, वरून तूप घेतलं आणि खाल्लं. तेरा माणसं हातात रिकाम्या पत्रावळी धरून उभी होती. "लय जाळला," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आनखी एक आना."

पुढची पंगत कशी झाली ते रूपरावांना नीटसं आठवत नाही. सगळे बावीस रोडगे संपले, वांग्याची सालंसुद्धा उरली नाहीत. ट्रकवाला हात धुवून निघाला, मग ट्रॅक्टर गेला, मग "छान झालं, आता येतो," म्हणत कवडूजीही मोपेडवर बसले. शेगडी अजून लालभडक होती. ती निवेपर्यंत उचलता येत नव्हती आणि निवल्यावर उचलायला आता एकटा पंक्चरवाला उरला होता, तोही दुकानात आडवा झाला होता. रूपराव तिच्याजवळच जमिनीवर बसले. भुवया थोड्या जळल्या होत्या. कंबर वाकत नव्हती आणि सरळही होत नव्हती. पन्नास वर्षांचं काम एका दुपारी झाल्यासारखं त्यांना वाटत होतं.

दोनच्या सुमाराला फाट्यावर एस.टी. येऊन थांबली. कंडक्टरनं दारातून "आर्वी, आर्वी" असा पुकारा केला. रूपरावांनी मान वळवली नाही. वळवायचा धीर झाला नाही. एस.टी. दोन मिनिटं उभी राहिली, मग धूर सोडून निघून गेली, आणि त्यांनी पाहिलं तेव्हा छायाबाई खुर्चीतच होत्या. चपला काढून त्यांनी पाय बॅगेवर ठेवले होते.

"अजी," त्या म्हणाल्या.

"काय वं?"

"संध्याकाळी काय करता?"

रूपरावांनी परातीकडे पाहिलं, राखेकडे पाहिलं, घासायच्या भांड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. जेवून अजून अर्धा तास झाला नव्हता. संध्याकाळ नावाचं काही पुन्हा येणार आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तूच सांग," ते अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. "काय करू?"

छायाबाईंनी पदर तोंडावरून ओढून घेतला आणि खुर्चीत मान टेकवली.

"काहीबी करा," त्या म्हणाल्या, आणि झोपी गेल्या.